जुन्या मेसेंजरवर घालवलेले नऊ महिने

गेल्या नऊ महिन्यांत आम्ही पाच जणांनी आपापसांतला सगळा लेखी संवाद इंटरनेटच्या पहिल्या पिढीतल्या मेसेंजरवर आणि त्याच परंपरेतल्या प्रोग्रॅमवर केला. आम्ही विद्यार्थिदशेपासून एकमेकांना ओळखतो, आता वेगवेगळ्या ठिकाणी राहतो आणि आमच्या कामाच्या वेळाही जुळत नाहीत. हाताशी फोन आणि त्यावर संदेश पाठवण्याची हवी तितकी साधने असताना हा खटाटोप करण्याचे कारण एकच होते. फोनवरचा आमचा गट वर्षानुवर्षे चालू होता, त्यात रोज काहीतरी येऊन पडत होते, पण कोणी कोणाशी बसून बोलत नव्हते. जुन्या मेसेंजरवर आम्ही तासन्‌तास बोलत असू, हे पाचही जणांना आठवत होते. ती केवळ त्या वयाची आठवण आहे, की त्या प्रोग्रॅमच्या रचनेतच तसे काही होते, हे मला प्रत्यक्ष वापरून तपासायचे होते.

पहिले तीन महिने आम्ही मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन मेसेंजरची ७.५ ही २००५ सालची आवृत्ती वापरली. मूळ सेवा २०१३ साली बंद होऊ लागली आणि शेवटी चीनमध्ये ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी पूर्णपणे थांबली, त्यामुळे हौशी प्रोग्रॅमरांनी तिचा प्रोटोकॉल, म्हणजे संदेशांच्या देवाणघेवाणीचे ठरलेले नियम, उलगडून नव्याने लिहिलेल्या एका सर्व्हरला आम्ही जोडून घेतले. माझ्याकडे हा मेसेंजर आभासी यंत्रात (संगणकाच्या आत चालणाऱ्या नकली संगणकात) बसवलेल्या विंडोज एक्सपीवर चालत होता. इतकी जुनी प्रणाली बाहेरच्या जगाशी जोडणे धोक्याचे असते, म्हणून त्या यंत्रात मी दुसरे काहीही ठेवले नाही आणि त्यातून ब्राउझर कधीही उघडला नाही. असा प्रयोग करू इच्छिणाऱ्याने एवढे पथ्य पाळावेच. पुढचे सहा महिने आम्ही एक्सएमपीपी या खुल्या प्रोटोकॉलवर काढले. जेरेमी मिलर यांनी जानेवारी १९९९ मध्ये जॅबर या नावाने जाहीर केलेल्या प्रकल्पाचेच हे प्रमाणित रूप आहे. त्यासाठी घरातल्या एका लहानशा संगणकावर मी प्रॉसडी हा सर्व्हर बसवला आणि क्लायंट (प्रत्येकाच्या संगणकावरचा गप्पांचा प्रोग्रॅम) म्हणून आम्ही आधी पिजन व नंतर गाजिम हे प्रोग्रॅम घेतले.

या मेसेंजरांचे मर्म संपर्कयादीत आहे, हे मला दुसऱ्याच आठवड्यात उमगले. संदेश पाठवण्याची सोय त्यांच्या आधीही होती; ईमेल होता, आणि आयआरसी हे सामूहिक गप्पांचे साधन तर फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ सालीच लिहिले होते. नोव्हेंबर १९९६ मध्ये मिराबिलिस या इस्रायली कंपनीने आयसीक्यू आणले आणि मे १९९७ मध्ये एओएल या अमेरिकी कंपनीचा एआयएम स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून आला, तेव्हा त्यांतली खरी नवलाई ही होती की, आपल्या ओळखीची माणसे या क्षणी यंत्रासमोर आहेत की नाहीत, हे पडद्याच्या कडेला एका अरुंद खिडकीत सतत दिसू लागले. फेब्रुवारी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २७७८ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात या सगळ्या प्रकाराचे प्रतिमान मांडलेले आहे आणि त्याच्या शीर्षकात ‘उपस्थिती’ आधी व ‘तत्काळ संदेश’ नंतर येतो. हा क्रम किती योग्य आहे, हे वापरताना रोज पटत गेले.

उपस्थिती म्हणजे केवळ ऑनलाइन आणि ऑफलाइन एवढेच नव्हते. आयसीक्यूमध्ये उपलब्ध, गप्पांना मोकळा, जागेवर नाही, व्यग्र, व्यत्यय नको, अदृश्य अशा बऱ्याच स्थिती होत्या. एमएसएनच्या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक स्थितीला तीन अक्षरी संकेत आहे आणि त्यांत ‘फोनवर आहे’ व ‘जेवायला गेले आहे’ यांनाही स्वतंत्र संकेत दिलेले आहेत. एक्सएमपीपीने ही यादी आवरून चारांवर आणली. जागेवर नाही, बराच वेळ नाही, व्यत्यय नको, आणि चौथी म्हणजे ‘बोलायची इच्छा आहे’. या चौथ्या स्थितीवर मला थोडे थांबावेसे वाटते. आज मी वापरत असलेल्या फोनवरच्या कोणत्याही साधनात ‘मला आत्ता कोणाशीतरी बोलावेसे वाटते आहे’ हे कोणालाही थेट संदेश न पाठवता, कोणावरही उत्तराचे ओझे न टाकता सांगण्याची सोय नाही. आमच्यातली एक मैत्रीण रात्रपाळीत काम करते. काम उरकले की ती ही स्थिती लावते, आणि ज्याला वेळ असेल तो तिच्या नावावर टिचकी मारतो. कोणालाच वेळ नसला, तरी तिने कोणाला विचारलेले नसते आणि कोणी तिला नाही म्हटलेले नसते.

स्थितीसोबत एक ओळ लिहिता येते आणि सुरुवातीला आम्ही ती रिकामीच ठेवत होतो. दुसऱ्या महिन्यापासून मात्र ‘पाचपर्यंत हिशेब, मग मोकळी’, ‘ताप आहे, पडून वाचतो आहे’ अशा ओळी दिसू लागल्या. या ओळीची तुलना फोनवरच्या ‘शेवटचे कधी पाहिले’ या नोंदीशी केली की दोन्हींमधला फरक स्पष्ट होतो. ती नोंद यंत्राने आपल्याबद्दल परस्पर केलेली असते आणि समोरचा माणूस तिचा हवा तो अर्थ लावतो. स्थितीची ओळ आपण स्वतः लिहितो आणि जेवढे सांगायचे तेवढेच सांगतो. संदेश वाचला गेल्याची खूण पहिल्या पिढीत नव्हती आणि एक्सएमपीपीमध्ये ती नंतर जोडलेल्या विस्तारांतून येते, म्हणून ती आम्ही बंदच ठेवली. समोरची व्यक्ती लिहीत आहे हे मात्र दिसत होते, आणि तेवढे पुरेसे होते.

अदृश्य राहण्याच्या सोयीबद्दल माझे मत नऊ महिन्यांत पूर्ण बदलले. प्रथम मला ती आवश्यक वाटली, कारण नको असलेल्या संभाषणापासून सुटका हवी असतेच. परंतु दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस पाचही जण बहुतेक वेळा अदृश्यच राहत होते, प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत होता आणि संपर्कयादी निर्जीव दिसत होती. आम्ही यावर मोकळेपणाने बोललो आणि अदृश्य न राहता ‘व्यग्र’ ही स्थिती लावायची, असे ठरवले. त्यानंतरच्या आठवड्यात झालेली संभाषणे आधीच्या संपूर्ण महिन्यापेक्षा जास्त होती. दिसणे हे देवाणघेवाणीचे काम आहे. घेणारे सगळे आणि देणारा कोणी नाही अशी अवस्था आली की हा सारा डोलारा बसतो. एक्सएमपीपीमध्ये ही देवाणघेवाण नियमातच बांधलेली आहे, कारण दोन व्यक्तींमधली वर्गणी, म्हणजे एकमेकांची उपस्थिती पाहण्याची नोंदणी, कोणत्याही बाजूने नाही, एकाच बाजूने आहे किंवा दोन्ही बाजूंनी आहे, हे सर्व्हर वेगवेगळे नोंदवतो आणि तुमची उपस्थिती पाहण्याची परवानगी तुम्हीच द्यावी लागते.

दुसरी गोष्ट संभाषणाच्या आरंभाची आणि शेवटाची. एमएसएनमध्ये एखाद्या नावावर टिचकी मारून बोलू लागले की मुख्य सर्व्हर तुम्हाला स्विचबोर्ड नावाच्या वेगळ्या सर्व्हरकडे पाठवतो, तिथे त्या संभाषणापुरते सत्र उघडते आणि दोघे निघून गेले की ते सत्र मिटते. ही निव्वळ तांत्रिक बाब वाटेल, परंतु बोलण्यावर तिची छाप पडते. माझ्या संगणकावर साठलेल्या एमएसएनच्या लॉगमध्ये (संभाषणांच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत) प्रत्येक संदेशाला सत्राचा क्रमांक जोडलेला आहे. पिजन तर प्रत्येक संभाषणाची वेगळी फाइल करतो आणि तिला ते संभाषण सुरू झाल्याची तारीख व वेळ हेच नाव देतो. तो फोल्डर उघडला की पत्रांचा गठ्ठा हाती लागावा तसे वाटते. फोनवरच्या गटाचा न संपणारा पट मी कधी मागे जाऊन वाचला नव्हता. या फाइली मी वाचते. त्यांत ‘आहेस का?’ पासून ‘चल, निघते’ पर्यंत एक पूर्ण भेट असते. फोनवर आम्ही निरोप घेणे सोडूनच दिले होते, कारण तिथून कोणी जातच नाही. एक्सएमपीपीच्या संभाषणस्थितीच्या विस्तारात लिहीत आहे, थांबला आहे यांबरोबर ‘निघून गेला’ अशीही एक अवस्था आहे, आणि समोरच्याने खिडकी मिटली की ती आपल्याला कळते. प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांना निरोपाचीही दखल घ्यावीशी वाटली, याचे मला फार कौतुक आहे.

त्या काळच्या एमएसएनमध्ये दुसऱ्या संगणकावरून प्रवेश केला की पहिल्यावरून तुम्ही आपोआप बाहेर पडता. पूर्वी मला ही अडचण वाटत असे. आता असे वाटते की त्यामुळे ‘ती ऑनलाइन आहे’ या वाक्याला ठाम अर्थ येतो, म्हणजे ती एका जागी, एका खुर्चीत बसलेली आहे. एक्सएमपीपीने एकाच खात्यावर अनेक ठिकाणांहून येण्याची मुभा दिली. तिथे प्रत्येक ठिकाणाला -१२८ ते १२७ मधला प्राधान्यक्रम असतो आणि विशिष्ट ठिकाण न सांगता नुसत्या तुमच्या खात्याच्या नावे आलेला संदेश सामान्यतः सर्वांत वरच्या क्रमांकाच्या ठिकाणी जातो. एखाद्या यंत्राला ऋण क्रमांक दिला की त्याच्याकडे असे संदेश येत नाहीत. मी लॅपटॉपला ५ आणि टेबलावरच्या संगणकाला १० दिला होता, आणि टेबलावरचा संगणक चालू ठेवून मी लॅपटॉपवर बसले की संदेश रिकाम्या खोलीत पोहोचत होते. क्रमांकांची ही रचना स्वतः ठरवावी लागते, हे नव्या माणसाला आधीच सांगायला हवे.

मधल्या काळात मी आणि एका मित्राने आठवडाभर युनिक्सवरचा टॉक हा प्रोग्रॅम वापरून पाहिला. तो १९८३ सालच्या ४.२बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत होता. त्यात पडद्याचे दोन भाग होतात, वर आपण लिहायचे आणि खाली समोरच्याचे उमटते. तेही एकेक अक्षर, टंकताना जसे पडेल तसे, खोडाखोडीसह. १९७३ साली प्लेटो या शैक्षणिक संगणक प्रणालीवर आलेल्या टॉकोमॅटिकमध्येही अक्षरे अशीच उमटत होती. आमच्याकडे त्यात रोमन लिपीच नीट चालली, एवढी मर्यादा मान्य केली, तर हा माझ्या नऊ महिन्यांतला सर्वांत जिवंत अनुभव होता. समोरचा शब्द शोधतो आहे, अर्धे वाक्य लिहून परत घेतो आहे, हे सगळे दिसते. पाठवण्याचे बटणच नसल्यामुळे तयार करून ठेवलेले वाक्य समोर येत नाही. आवाज न ऐकताही माणूस बोलताना ऐकू येतो, असे मी म्हणेन. परंतु पाऊण तासानंतर थकवा येतो, कारण क्षणभरही लक्ष हटवता येत नाही.

आता सर्वांत मोठ्या उणिवेविषयी. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी मी लॅपटॉपचे झाकण मिटून उठले. नेटवर्कची जोडणी अशी अचानक तुटली की सर्व्हरला ते लगेच कळत नाही, आणि काही मिनिटे तुम्ही त्याच्या लेखी ऑनलाइनच राहता. नेमक्या त्या मिनिटांत आमच्यातल्या एका मैत्रिणीने मला लिहिले की घरी वाईट बातमी आली आहे, बोलू शकशील का. तिच्या यादीत माझे नाव उजळलेले होते. तो संदेश सर्व्हरने मृत जोडणीवर पाठवला आणि तो कुठेच पोहोचला नाही. ती तासभर थांबली, आणि मी वाचूनही गप्प राहिले असे तिला वाटले. दोन दिवसांनी गैरसमज दूर झाला तरी मला त्याचा सल अजून आहे. हा दोष कोणा एकाचा नाही. उपस्थितीवर इतका विश्वास ठेवायला शिकवणाऱ्या साधनात ती उपस्थिती खोटी ठरू शकते, हा त्या रचनेतलाच धोका आहे.

त्यावरचा उपाय एक्सएमपीपीच्या विस्तारांत आहे. विस्तार क्रमांक ०१९८ मध्ये क्लायंट आणि सर्व्हर एकमेकांना मिळालेल्या संदेशांची पोच देतात आणि तुटलेली जोडणी जिथे थांबली तिथून पुन्हा सुरू होऊ शकते. क्रमांक ०३१३ मुळे संदेश सर्व्हरवर जपून ठेवता येतात, तर क्रमांक ०२८० मुळे एका यंत्रावरचे संभाषण त्याच खात्याच्या दुसऱ्या यंत्रावरही दिसते. सर्व्हर आणि क्लायंट अशा दोन्ही बाजूंना ही सोय असेल तरच उपयोग होतो, म्हणून त्या प्रसंगानंतर आम्ही सगळे गाजिमवर आलो. मला एक गोष्ट खुपली ती अशी की, संदेश जपण्याची सोय सुरू होताच संभाषणाचा न संपणारा पट पुन्हा तयार होऊ लागला. बराच विचार करून मी सर्व्हरवरचा साठा एक आठवड्यापुरता ठेवला. एकही संदेश हरवू नये, पण सर्व्हर म्हणजे आमचे दप्तर होऊ नये, यासाठी ही मुदत आम्हाला मानवली. ज्याला जपायचे आहे तो आपल्या यंत्रावर लॉग ठेवतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत मूळ जुने प्रोग्रॅम आज वापरू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे. एआयएमच्या टीओसी नावाच्या साध्या प्रोटोकॉलमध्ये संकेतशब्द ‘टिक/टॉक’ या ठरलेल्या अक्षरांनी झाकला जात होता, म्हणजे ज्याला ती अक्षरे माहीत आहेत तो तो उघडू शकत होता. सुरुवातीच्या आयसीक्यूमध्ये संदेश एका यंत्राकडून दुसऱ्याकडे थेट जात असल्यामुळे समोरच्याला आपला आयपी पत्ता कळू शकत होता, आणि संपर्कयादी आपल्याच संगणकावर असल्यामुळे डिस्क गेली की यादीही जात होती. एमएसएन ७.५ चे संदेश वाटेत कोणीही वाचू शकेल अशा उघड्या रूपात जातात. म्हणून त्या तीन महिन्यांत आम्ही खासगी काही लिहायचे नाही, असे ठरवले होते आणि गप्पांमध्ये ते जाणवले. गाजिममध्ये ओमेमो कूटलेखन (पाठवणारा व घेणारा यांनाच संदेश वाचता येईल अशी सोय) सुरू केल्यावर बोलणे मोकळे झाले. पिजन वापरणाऱ्यांसाठी एक सूचना आहे की, त्यात संकेतशब्द साठवला तर तो एका साध्या फाइलमध्ये जसाच्या तसा राहतो, तेव्हा तो न साठवता दर वेळी टंकावा.

पाचही जणांच्या एकत्र गप्पांसाठी काही आठवडे आयआरसी वापरले आणि सोडले. तिथे एका ओळीला एकूण ५१२ बाइटांची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे मात्रा आणि वेलांट्या धरून दीडशे चिन्हांच्या आतच वाक्य तुटते. लहान ओळींत बोलणाऱ्यांना ते चालेल, आम्हाला चालले नाही. खिडकी हलवून लक्ष वेधण्याची एमएसएनची सोय पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून वापरली आणि नंतर कोणी तिला हात लावला नाही.

प्रोटोकॉल निवडताना इतिहास विसरू नये. जुलै १९९९ मध्ये एमएसएन मेसेंजर आला तेव्हा त्यातून एआयएमवरच्या लोकांशीही बोलता येत होते. एओएलने ते पुन्हा पुन्हा अडवले, मायक्रोसॉफ्टने पुन्हा पुन्हा वाट काढली, आणि अखेर त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. माणसे मात्र दोन्हीकडे होती, म्हणून एकाच खिडकीतून अनेक सेवांना जोडणारे ट्रिलियन, मिरांडा आणि गेम (Gaim) यांसारखे प्रोग्रॅम लोकप्रिय झाले. गेमचेच नाव २००७ साली पिजन झाले. कुंपणांच्या आतल्या त्या सेवा एकेक करून मिटल्या. एआयएम १५ डिसेंबर २०१७ रोजी, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ रोजी आणि ज्या आयसीक्यूला एओएलने १९९८ साली विकत घेतले होते ते २६ जून २०२४ रोजी बंद झाले. प्रत्येक वेळी लोकांच्या संपर्कयाद्या त्यांच्याबरोबर गेल्या. एक्सएमपीपीमध्ये ईमेलसारखे वेगवेगळे सर्व्हर एकमेकांशी बोलतात, आणि उद्या माझा सर्व्हर बंद झाला तरी प्रोटोकॉल राहतो. माझ्यासाठी निवड करायला एवढे कारण पुरे होते.

हे साधन कोणासाठी आहे? ज्यांचा दिवसाचा काही वेळ मोठ्या पडद्यासमोर जातो, जे संख्येने थोडे आहेत आणि एकमेकांना खरोखर ओळखतात, त्यांच्यासाठी हे मी मनापासून सुचवते. फोन खिशात ठेवून दिवसभर फिरणाऱ्याला याचा उपयोग कमी होईल, कारण फोनवर माणूस कायमच अर्धवट उपस्थित असतो आणि स्थिती बदलण्याचे भान राहत नाही. आमच्यातला एक जण याच कारणाने सातव्या महिन्यात बाहेर पडला; त्याचे काम फिरतीचे आहे, त्याचे नाव दिवसभर उजळलेले दिसे आणि तो कधीच तिथे नसे. त्याच्याशी आता आम्ही फोनवर, आवाजानेच बोलतो.

उरलेले चौघे अजून तिथेच आहोत. सर्व्हरचे प्रमाणपत्र वेळेवर नवे होते ना, एवढे पाहण्यापलीकडे मला महिन्यात फारसे काम पडत नाही. हे लिहीत असताना रात्रपाळीच्या मैत्रिणीचे नाव नुकतेच उजळले आहे, तिने ‘बोलायची इच्छा आहे’ ही स्थिती लावली आहे, आणि मी तिच्याकडे जाते आहे.